अर्जात न मावलेली ताई

तुमच्या घरात कुणी नुकतंच बी.एड. झालंय का? मग एप्रिल-मे महिन्यातलं वातावरण तुम्हाला वेगळं सांगायला नको. टेबलावर गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटोंची पाकिटं, आणि फोन वाजला की सगळ्यांच्या माना एकदम वळतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे हेच चाललं होतं. माझी मोठी ताई गणित-विज्ञान घेऊन बी.एड. झाली. सहावी ते आठवीसाठीचा टीईटीचा दुसरा पेपरही पास झाली. खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण लागतात, तिला ९७ मिळाले. पण तेवढ्यावर सरकारी नोकरी मिळत नाही. त्यासाठी २०० गुणांची अभियोग्यता चाचणी द्यायची, पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरायचे आणि वाट पाहायची. तोवर खासगी शाळांत अर्ज करायचं ठरलं.

अर्ज कोण लिहिणार? अर्थात मी! बी.ए. इंग्रजी, त्यात कंटेंट रायटर. दिवसभर साबणापासून सोफ्यापर्यंत सगळ्याचं कौतुक लिहिते, मग सख्ख्या बहिणीचं का नाही? 'सर्जनशील', 'ध्येयनिष्ठ', 'विद्यार्थीकेंद्री' असे शब्द भरभरून वापरले. ताई वाचून म्हणाली, "ही कोण गं बाई?" मी हसण्यावारी नेलं.

तो अर्ज चौदा शाळांत गेला. एकीचाही फोन आला नाही. ताई गप्प गप्प राहू लागली. आई हळूच स्थळांचा विषय काढू लागली. "घरीच शिकवण्या घेते," असं ताई बाबांना म्हणाली, तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कपाट आवरताना तिची पाठ टाचणाची वही हाती लागली. सराव पाठांच्या वेळची. एका पानाच्या कडेला लाल पेनाने लिहिलं होतं, 'आजचा पाठ फसला. एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा, असं मुलं म्हणतात, कारण चार तीनापेक्षा मोठे. उद्या भाकरी नेणे.' पुढच्या पानावर होतं, 'भाकरी नेली. मागच्या बाकावरचा मुलगा स्वतःहून म्हणाला, वाटेकरी वाढले की तुकडा लहान होतो. नंतर सगळ्यांनी भाकरी खाल्ली.'

मी वही घेऊन तिच्याकडे गेले. "ताई, माझा अर्ज फाडून टाक. हे लिही."

नवा अर्ज एका पानाचा होता. कोणते वर्ग, कोणते विषय, टीईटीचे गुण, किती आठवडे शिकवलं, आणि चार ओळींत ती भाकरी. विशेषण एकही नाही.

सहा शाळांत दिला, दोन फोन आले. पहिल्या शाळेने होकार दिला, पण सही जास्त पगारावर करायची आणि हातात कमी घ्यायचा, अशी अट घातली. ताई नाही म्हणून परत आली. घरी क्षणभर कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "बरं केलंस."

दुसऱ्या शाळेत तिच्या हातात खडू देऊन थेट सहावीच्या वर्गावर पाठवलं. घाबरून फळ्यावर तिचीच बेरीज चुकली. एका मुलीने हात वर केला. ताईने तिचे आभार मानले, चूक खोडली आणि पुढे शिकवत राहिली. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं होतं. मुख्याध्यापिका मात्र म्हणाल्या, "चूक लपवली नाहीत, ते आवडलं." जूनमध्ये ताई रुजू झाली. पगार फार नाही, पण सही करते तेवढाच हातात येतो. अभियोग्यता चाचणीचा अभ्यासही रात्री चालू आहे.

तुमच्या घरातल्या नव्या शिक्षकाला अर्ज लिहायला मदत कराल, तेव्हा इंटरनेटवरचा नमुना उघडू नका. आधी त्यांची पाठ टाचणाची वही मागून घ्या, आणि कडेला काय लिहिलंय ते वाचा.