फक्कीचे रिंगण

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की आमच्या वर्गात नाटकाची चर्चा सुरू होते. शिवरायांच्या चरित्रातील एखादा प्रसंग किंवा विनोदी प्रहसन, हा आमचा नित्याचा परिपाठ. यंदा मात्र गुरुजींनी एक चिनी कथा आमच्या हाती ठेवली आणि ते म्हणाले, "ही कथा सुमारे सातशे वर्षे रंगभूमीवर वावरते आहे. पाहू या, आपल्या कडोदऱ्यात उतरते का!"

कथा अशी. हाइतांग ही एका श्रीमंत गृहस्थाची धाकटी पत्नी. थोरली पत्नी नवऱ्याला विष घालते, आळ हाइतांगवर ढकलते आणि इस्टेटीच्या लोभाने तिच्या मुलावरही हक्क सांगते. सुइणी, शेजारी, सारे साक्षीदार पैशाने विकले जातात. अखेर खटला बाओ झेंग या न्यायाधीशापुढे येतो. तो जमिनीवर चुन्याचे रिंगण आखवतो, मुलाला मध्ये उभे करतो आणि दोघींना त्याचे हात ओढावयास सांगतो. हाइतांग दोन्ही वेळा हात सोडते. कारण लेकराचा हात मोडेल, ही तिला भीती. न्यायाधीश निवाडा देतो, की हीच खरी आई. बाओ झेंग हा काल्पनिक नव्हे. तो ९९९ ते १०६२ या काळात खरोखरच होऊन गेलेला अधिकारी. त्याच्यावरील हे नाटक युआन राजवटीच्या काळात ली शिंगदाओ याने लिहिले.

तालमी सुरू झाल्या तेव्हा पहिली अडचण नेपथ्याची. गुरुजी हसून म्हणाले, "चिनी रंगभूमीला एक मेज आणि दोन खुर्च्या पुरतात." तेथे नटाने हाती चाबूक घेतला, की तो घोड्यावर बसला असे समजावयाचे, वल्हे घेतले, की नदी आली. रंगमंचावर एक फेरी घातली, की शेकडो कोसांचा प्रवास संपला. हे ऐकून आम्हांस आमचा तमाशाच आठवला! वगातला सोंगाड्याही अशीच एक गिरकी घेतो आणि दुसऱ्या गावी पोहोचतो. चेहऱ्याच्या रंगावरून तेथे स्वभाव ओळखतात: तांबडा निष्ठावंताचा, पांढरा कपट्याचा, काळा निःस्पृहाचा. म्हणून आमच्या न्यायाधीशाचे तोंड काजळाने रंगले आणि कपाळावर पांढरी चंद्रकोर उमटली. वेषभूषेसाठी आमच्या वडीलमंडळींनी कापड गिरण्यांतून रंगीत तुकडे आणून दिले. रिंगणासाठी खो-खोच्या मैदानाची फक्की होतीच.

खरा वाद पेटला तो शेवटावरून. गुरुजींनी सांगितले, की जर्मन नाटककार ब्रेख्त याने १९४४ साली ही कथा घेऊन नवे नाटक लिहिले. त्यात जन्मदाती मुलाला टाकून पळते, एक दासी त्याला वाढवते आणि न्यायाधीश मूल दासीच्या पदरात घालतो. त्यावरूनच चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिले आणि विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले. झाले! वर्गात दोन तट पडले. काही म्हणाले, जन्म देणारी तीच आई. काही म्हणाले, मग यशोदेला काय म्हणाल?

आमचा एक मित्र पडद्यामागून संवाद सांगण्याचे काम करीत असे. तो सहसा बोलत नाही. त्या दिवशी वही मिटून तो म्हणाला, "माझी माय नंदुरबारकडे गावी असते. मी दोन वर्षांचा होतो तेव्हापासून मला मोठ्या मायने इथे वाढवले. मला रिंगणात उभे केले, तर दोघीही हात सोडतील. मग तुमचा न्यायाधीश काय करील?"

वर्ग स्तब्ध झाला. आमच्यापैकी कितीतरी घरे धुळे, नंदुरबार, जळगावकडून येथे आलेली; कोणाची भावंडे गावी, कोणाचे आजोबा-आजी. परंतु आमच्या वादाचा भार कोणाच्या मनावर पडत असेल, हे आम्हांस सुचलेच नव्हते. आम्ही त्याची क्षमा मागितली. दोन दिवस विचार करून आम्ही चिनी शेवटच ठेवला. मात्र न्यायाधीशाच्या तोंडचे, जन्म कोणी दिला हे सांगणारे वाक्य गाळले. आमचा न्यायाधीश एवढेच म्हणाला, "जिने हात सोडला, तिच्याकडे लेकरू जाऊ द्या."

संमेलनाच्या रात्री आवार गच्च भरले होते. मित्राची माय कापूस वेचणीमुळे येऊ शकली नाही. मोठी माय मात्र साड्यांवर टिकल्या लावण्याचे काम लवकर उरकून पहिल्या रांगेत येऊन बसली होती. हाइतांगने दुसऱ्यांदा हात सोडला तेव्हा प्रेक्षकांत इतकी शांतता पसरली, की हमरस्त्यावरील ट्रकांची घरघर स्पष्ट ऐकू आली.

पडदा पडल्यावर मोठी माय आत आली. तिने सर्वांना शाबासकी दिली आणि विचारले, "त्या दुसरीचे पुढे काय झाले रे?"

"तिला शिक्षा झाली," आम्ही उत्साहाने म्हणालो. "ती लोभी होती. तिने विष घातले होते."

"शिक्षा झाली ते बरोबरच," ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, "पण ओढताना वाटलेही असेल तिला, आपले एखादे लेकरू असावे."

मोठ्या मायला स्वतःचे अपत्य नाही, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमचा मित्र मुकाट्याने पुढे झाला, तिच्या हातातील पिशवी त्याने घेतली आणि दोघे घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंच झाडला. फक्कीचे रिंगण पुष्कळ पायांखाली पुसले गेले होते. तरी त्याची पुसट रेघ ओळखू येत होती. तेवढी झाडण्यास आमच्यापैकी कोणाचाच हात पुढे झाला नाही.