एक-शून्य

आमच्या होस्टेलवर क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाचं नाव काढलं की मैत्रिणी आधी तब्येत विचारतात. बेसबॉलचं तर बोलायलाच नको! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे पी.टी.च्या तासाला आम्ही राउंडर्स खेळायचो, म्हणून बॅट फिरवायची आणि पळत सुटायचं एवढं तरी मला कळतं. तरीही १९३४ सालच्या एका मॅचबद्दल लिहिणार आहे. लगेच पान उलटू नका.

त्या वर्षी अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंचा संघ जपानच्या दौऱ्यावर गेला होता. बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स... एकेक नाव म्हणजे दंतकथाच. जपानी संघाला ते अक्षरशः धुऊन काढत होते. २० नोव्हेंबरला शिझुओकाच्या कुसानागी मैदानावर जपानकडून पिचर म्हणून उतरला एइजी सावामुरा. वय वर्षं १७!

पिचर आणि बॅटर यांच्यातलं अंतर १८.४४ मीटर, म्हणजे आपल्या पिचपेक्षाही कमी. चेंडू टप्पा न घेता थेट अंगावर येतो. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. सावामुराने ओळीने चौघांना असं परत पाठवलं : गेहरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स. मॅच संपेपर्यंत असे नऊ बळी. मग सातव्या इनिंगमध्ये गेरिगने होमरन ठोकली. अख्ख्या मॅचमध्ये तेवढी एकच धाव. जपान १-० ने हरलं, आणि हरलेला पोरगा देशाचा हीरो झाला.

पण या मॅचसाठी त्याने शाळा सोडली होती. विद्यार्थ्यांनी व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध खेळायचं नाही, असा तिथे १९३२ पासून सरकारी नियम होता. पुढच्याच महिन्यात टोकियोत व्यावसायिक संघ निघाला (आजचे जायंट्स), त्यात तो गेला. १९३६ मध्ये जपानी लीगमधली पहिली नो-हिटर त्याचीच, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही.

१९३८ मध्ये त्याला सैन्यात घेतलं आणि चीनला पाठवलं. तिथे त्या हाताने हातगोळे फेकायचे. बेसबॉलचा चेंडू जेमतेम १४५ ग्रॅमचा, हातगोळा त्याच्या कितीतरी पट जड. फटीग म्हणजे काय ते मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. परत आला तेव्हा खांद्यातला जोर गेला होता. तरी १९४० मध्ये पठ्ठ्याने आणखी एक नो-हिटर टाकली! पण सैन्यातून पुन्हा बोलावणं आलं, मग तिसऱ्यांदा. २ डिसेंबर १९४४ ला त्याचं जहाज टॉर्पेडोने बुडालं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. जपानमध्ये कॉलेजात शिकणाऱ्यांची सैन्यभरती पुढे ढकलली जायची. शाळाच सोडलेल्या सावामुराला ती सोय कुठली? १९४३ मध्ये आर्ट्स-कॉमर्सवाल्यांचीही सवलत काढून घेतली, सायन्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांची मात्र ठेवली. सबमिशनच्या रात्री आपण ज्या डिग्रीला यथेच्छ शिव्या घालतो, ती तिथे जीव वाचवत होती.

१९४७ पासून जपानमध्ये उत्तम पिचरला सावामुराच्या नावाने पुरस्कार देतात. कुसानागीला त्याचा पुतळा आहे आणि सोबत बेब रूथचा. होमरन मारली गेरिगने, पण पुतळा रूथचा!