आळीपाळीची लढाई

नोकरी आणि वस्तीतली कामे आटोपून आम्ही घरी येतो, तेव्हा दोन्ही मुले जुन्या कॉम्प्युटरपुढे बसलेली असतात. आम्हाला राग येई. एके दिवशी मात्र शेजारी स्टूल ओढून बसलो.

खेळ जपानी, ‘फायनल फँटसी सेव्हन’, १९९७ सालचा. त्यातले शहर खांबांवर तोललेल्या पोलादी तक्त्यांवर वसलेले. वर सुखवस्तू लोक, खाली झोपडपट्टी. शिन्रा नावाची कंपनी जमिनीतून ग्रहाची प्राणशक्ती उपसून वीज करते. तिच्याविरुद्ध काही माणसे उभी राहतात. लढाईत एका वेळी तिघेच उतरतात. ज्याची वेळेची पट्टी भरते, त्याचा नंबर. शत्रूला मारायचे की जखमी सोबत्याला औषध द्यायचे, हे आपण ठरवायचे.

मुलगा म्हणाला, “पप्पा, शत्रू समोर असताना कोणी रांगेत उभं राहतं का?” २०२० साली याच कथेचा नवा खेळ निघाला. त्यात बटण दाबताच तलवार चालते. तो त्याला आवडतो.

मुलगी म्हणाली, “नंबर लागतो म्हणूनच विचार करायला सवड मिळते. माझे हात तुझ्यासारखे चपळ नाहीत.” १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून जपानमध्ये अशा आळीपाळीच्या लढाया घरोघरी पोहोचल्या.

आम्ही मुलाच्या बाजूचे होतो.

मग कथेत एरिथ मारली गेली. सोबत्यांना बरे करणारी ती मुलगी. मुलगा चिडला. “लढाईत पडलेला माणूस फिनिक्सच्या पिसाने उठतो. आपल्याकडे पिसं आहेत. मग हिला का नाही? खोटी कथा आहे ही!”

मुलगी जरा थांबून म्हणाली, “आजीच्या उशाशीसुद्धा सगळी औषधं होती.”

आमची आई गेल्या पावसाळ्यात वारली. तेव्हापासून घरात तिचे नाव कोणी काढले नव्हते. आम्हीही नाही.

पुढच्या लढाईत एरिथचे नाव नव्हते. जिचा नंबर मुलांनी इतके दिवस सांभाळला, तिची रिकामी जागा लगेच दिसली. ही लढाई संथ का असावी, ते आम्हाला तेव्हा कळले.

मुलाला अजून पटलेले नाही. वाद चालूच आहे. पण त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही चौघे उशिरापर्यंत आईविषयी बोलत बसलो.

पालकांनो, मुलांचा खेळ बंद करण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहा.