तेलाने माखलेले हात

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येस भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीत वसलेला डोंगराळ मुलूख आहे. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले याच मुलखात उभे आहेत. पाऊस येथे उदंड पडतो. म्हणून खोऱ्याखोऱ्यांतून भात पिकतो आणि नद्यांच्या वाटेवर धरणे उभी राहिली आहेत. वेळवंडी नदी भाटघर येथे अडविली आहे, नीरा देवघर येथे, आंबी पानशेत येथे आणि मोसे वरसगाव येथे. या धरणांनी दूरच्या शेतांना आणि पुण्यासारख्या शहराला पाणी दिले. परंतु ज्या खोऱ्यांत ते पाणी साठले, तेथील जुन्या पाऊलवाटा त्याच पाण्याखाली गेल्या. ज्या शेजारगावाला पूर्वी नदी ओलांडून पायी जाता येई, ते आता जलाशयाच्या फुगवट्यापलीकडे राहिले. तेथे जायचे म्हणजे रस्त्याने मोठा वळसा घालायचा, नाही तर होडीत बसायचे. पानशेतसारख्या ठिकाणी तर केवळ जलविहाराच्या हौसेनेही माणसे होडीत बसतात. गरज असो वा हौस, होडीला इंजिन असले, की त्या इंजिनाची निगा राखणारे कोणीतरी लागतेच.

ही निगा म्हणजे काही जादू नव्हे. ती एक सवय आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी जाणता चालक तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढतो, ती पुसून पुन्हा आत घालतो आणि वंगण पुरेसे आहे की नाही ते पाहतो. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे हे तो ओळखतो. डिझेलची टाकी अर्धी रिकामी राहिली, तर रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतील ओल तिच्या भिंतींवर साकळते आणि थेंबाथेंबाने तळाशी जाते. कारण पाणी डिझेलपेक्षा जड असते. ते तळचे पाणी वेळोवेळी काढून टाकावे लागते आणि डिझेल गाळणारा फिल्टर बदलावा लागतो. होडीची पुष्कळ इंजिने जलाशयाचेच पाणी खेचून स्वतःला थंड ठेवतात. पावसाळ्यात त्या पाण्याबरोबर गाळ आणि शेवाळ येते, जाळी तुंबते आणि इंजिन तापते. पाण्याखालच्या पंख्यात जाळ्याचा एखादा तुटका दोरा गुंतला, तर होडीची गती मंदावते. डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर इंजिन गुदमरून बंद पडते. मग एक स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत ती हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. याला कारागीर ‘एअर काढणे’ असे म्हणतात. इंजिनाच्या धुराकडे पाहूनही पुष्कळ कळते. धूर काळा असेल, तर हवा कमी पडत आहे किंवा इंधन जास्त जात आहे. निळसर असेल, तर वंगण जळत आहे.

या सर्व कामांत लागते काय? बारीक नजर, तल्लख कान, स्वच्छतेची आवड आणि धीर. यांपैकी एकही गुण केवळ पुरुषांच्या वाट्याला आलेला नाही. तरीही आजवर आपल्याकडे इंजिनाभोवती कोंडाळे जमले, की त्यात बाप, काका आणि मुलगे दिसत. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सहज पाना दिला जाई. त्याची बहीण जवळ आली, तर ‘कपड्यांना तेल लागेल’ असे सांगून तिला दूर केले जाई. कपड्यांना लागायचे तेल भावाच्याही कपड्यांना लागतच होते!

वास्तविक यंत्राशी स्त्रियांची ओळख फार जुनी आहे. शिवणयंत्राचेच पाहा. ते चालविणारी गृहिणी त्याच्या ठरावीक छिद्रांत तेलाचे थेंब सोडते, बॉबिनच्या घरात साचलेली धाग्यांची लव काढते, दोऱ्याचा ताण कमीजास्त करते आणि टाके सुटू लागले, की सुई वाकली की दोरा चुकीचा ओवला याचा माग काढते. स्वयंपाकाचा गॅस घरोघरी येण्यापूर्वी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता. हवा भरली, की रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढे, त्याची वाफ होई आणि ती एका बारीक छिद्रातून जोराने बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळे. त्या छिद्रात काजळी अडकली, की ज्योत पिवळी होई आणि भांडी काळी पडत. तेव्हा घरातील आजी फडताळातून स्टोव्हची पिन काढी आणि ते छिद्र मोकळे करी. पेट्रोलच्या इंजिनात कार्ब्युरेटर नावाचा जो भाग असतो, त्यातही असेच एक बारीक छिद्र असते आणि ते तुंबले, की कारागीर तेच करतो. कारागिराच्या कामाला दुरुस्ती म्हटले जाई आणि आजीच्या कामाला काहीच म्हटले जात नसे. एवढाच काय तो फरक!

अशाच एका पिनेची गोष्ट मोटारीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी गाडी तयार केली. पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांची पत्नी बर्था बेंझ पतीला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीत बसल्या आणि मानहाइमहून फोर्झहाइम या गावी आपल्या माहेरी निघाल्या. हे अंतर सुमारे १०० किलोमीटर होते. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बर्थाबाईंनी आपल्या टोपीला लावलेली लांब पिन काढली, नळी मोकळी केली आणि गाडी पुढे नेली. इंधन संपत आले, तेव्हा ते त्यांनी औषधांच्या दुकानातून विकत घेतले. गतिरोधकाचे ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीने इतका लांबचा प्रवास तोवर कोणीही केला नव्हता.

पण गरजेपोटी केलेली दुरुस्ती वेगळी आणि आवडीपोटी केलेली वेगळी. छंद म्हणजे कोणी न सांगता, केवळ कुतूहलाने केलेला उद्योग. जुना पंप खोलून पाहायचा, तो पुन्हा जुळवायचा, शेवटी एक नट हातात उरला म्हणून सगळे पुन्हा खोलायचे. अशा खटाटोपातून जे ज्ञान मिळते, ते पुस्तकातून मिळत नाही. म्हणूनच मुलांना कोणते छंद जोपासू द्यायचे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. मुलाला पाना आणि मुलीला भरतकामाची सुई असे एकदा ठरवून टाकले, की पुढे ‘मुलींना यंत्रातले कळत नाही’ असे म्हणावयास सारे मोकळे. ज्याला पोहायला कधी पाण्यात उतरूच दिले नाही, तो बुडतो असे म्हणण्यापैकीच हे झाले.

इंग्लंडमधील बिअॅट्रिस शिलिंग यांचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्यांचा जन्म १९०९ सालचा. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी मोटारसायकल विकत घेतली आणि तिचे इंजिन खोलणे व जुळविणे हाच त्यांचा छंद होऊन बसला. मोठेपणी त्या अभियंता झाल्या आणि मोटारसायकलींच्या शर्यतींतही त्यांनी नाव मिळविले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या इंजिनांत एक दोष आढळून आला. विमानाने एकाएकी नाक खाली करून सूर मारला, की इंजिनाला होणारा इंधनाचा पुरवठा बिघडे आणि ऐन लढाईत इंजिन अडखळे. शिलिंगबाईंनी १९४१ साली त्यावर तात्पुरता पण गुणकारी उपाय शोधला. धातूच्या एका लहानशा भागाला नेमक्या मापाचे छिद्र ठेवून त्यांनी तो इंधनाच्या मार्गात बसविला. त्यामुळे इंधन प्रमाणातच पुढे जाई. शेकडो वैमानिकांचे प्राण ज्यावर अवलंबून होते, असा हा उपाय लहानपणी छंद म्हणून इंजिन खोलणाऱ्या एका स्त्रीच्या हातून घडला.

आपल्याकडेही वारे हळूहळू पालटले. भोर-वेल्ह्याहून पुणे काही फार दूर नाही. तेथील टेल्को या कारखान्यासाठी १९७४ साली अभियंत्यांची जाहिरात निघाली आणि स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे तीत छापले होते. बंगळूर येथे शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी यांना ते खटकले. त्यांनी जे. आर. डी. टाटा यांच्या नावे एक साधे पोस्टकार्ड लिहून ही गोष्ट अन्यायाची असल्याचे कळविले. त्यांना मुलाखतीचे बोलावणे आले, त्यांची निवड झाली आणि त्या कारखान्याच्या यंत्रशाळेत काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या. पुढे लेखिका सुधा मूर्ती म्हणून त्या सर्वांना परिचित झाल्या. महर्षी कर्वे यांच्या नावाने चालणाऱ्या पुण्यातील स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ साली खास मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. इंजिने तयार करणाऱ्या कमिन्स या कंपनीचे नाव त्या महाविद्यालयाला आहे, ही गोष्ट येथे आवर्जून सांगण्याजोगी आहे.

आणि पाण्यावरचे म्हणाल, तर १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ नावाची शिडाची नौका निघाली. गोव्यातच बांधलेली ही नौका अवघी ५५ फूट लांबीची. तीवर भारतीय नौदलातील सहा महिला अधिकारी होत्या आणि वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. २१,६०० सागरी मैलांचा प्रवास करून, पृथ्वीला प्रदक्षिणा घालून, त्या २१ मे २०१८ रोजी गोव्यास परतल्या. अथांग समुद्रात कारागीर कोठून बोलवायचा? दोर, शीड, सुकाणू, इंजिन यांची देखभाल ज्याची त्यालाच करावी लागते. अशा प्रवासाला निघणाऱ्याला हात काळे करण्याची लाज बाळगून चालत नाही.

तरीही एक गोष्ट खरी, की समजुती यंत्रांपेक्षा सावकाश बदलतात. भ्याडपणाबद्दल कोणाला टोमणा मारायचा झाला, की ‘हातात बांगड्या भरल्या आहेत काय?’ असे आजही म्हटले जाते. बांगड्यांच्या हातांनी शेताची लावणी होते, डोक्यावरून पाण्याचे हंडे वाहिले जातात, आजाऱ्याची शुश्रूषा होते. त्या हातांना दुबळे ठरविणारा हा टोमणा भाषेत राहिला, तो केवळ सवयीने. इंजिनाजवळ मात्र बांगड्या खरोखरच उतरवून ठेवाव्या लागतात. कारण फिरत्या पट्ट्यात त्या अडकतील. पण तोच नियम मुलाच्या मनगटातील कड्याला, गळ्यातील उपरण्याला आणि सदऱ्याच्या सैल बाहीलाही लागू आहे. फिरता पट्टा स्त्री-पुरुष असा भेद जाणत नाही.

हा भेद उलट बाजूनेही सोडावा लागतो. मासे धरणारा पुरुष आपले जाळे स्वतःच्या हातांनी विणतो आणि सांधतो. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग एखाद्या मुलाला विणकामाची, रांगोळीची किंवा स्वयंपाकाची आवड असली, तर त्याला हसण्याचे काय कारण? छंद ज्याच्या मनाला भावेल त्याचा असतो.

समजा, श्रावणातील एका संध्याकाळी जलाशयाच्या मध्यावर होडीचे इंजिन बंद पडले आहे. पाऊस झोडपतो आहे, वारा होडीला भलतीकडे लोटतो आहे आणि दवाखान्यात पोचावयाचा एक आजारी माणूस होडीत निजलेला आहे. होडीत दहा माणसे असून इंजिनाची रीत त्यांतील एकट्या चालकालाच ठाऊक असेल आणि नेमका त्याचाच हात दुखावलेला असेल, तर त्या दहांचा उपयोग काय? ज्या गावातील निम्म्या मुलांना, म्हणजे सगळ्या मुलींना, हे ज्ञान देण्याचेच राहून गेले, त्या गावाने आपल्या मदतीचे निम्मे हात आधीच बांधून ठेवले आहेत असे म्हटले पाहिजे.

कोणतीही विद्या पायरीपायरीने येते. प्रथम विजेरी धरायची आणि जाणता माणूस काय करतो ते पाहायचे. मग काढलेले नट-बोल्ट रॉकेलने पुसून, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवायचे. मग एक दिवस पाना हाती घ्यायचा आणि किती आवळायचे, कोठे थांबायचे, हे हातालाच शिकू द्यायचे. विजेरी धरणाऱ्या मुलाला घरच्यांनी ही तिसरी पायरी नेहमीच दाखविली. आता मुलीने विजेरी धरली असेल, तर तिच्याही हाती पाना द्यावा आणि तिने स्वतः सुरू केलेल्या इंजिनाचा पहिला ठोका तिला ऐकू द्यावा. काम संपल्यावर हात साबणाने धुतले, की तेल निघून जाते. हाताने शिकलेले मात्र जन्मभर राहते.