आठव्या दिवशी

दादा आठव्या दिवशी व्हॉलीबॉल खेळायला गेला आणि मी त्याच्याशी पाच महिने बोलले नाही.

मंडळाच्या या अंकासाठी 'खेळ' हा विषय ठरला, तेव्हा मी गप्प बसले होते. खेळाबद्दल माझ्याकडे एवढी एकच गोष्ट आहे आणि ती सांगायची माझी तयारी नव्हती. आता सांगते.

आमचं गाव गुंद. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात. नकाशात शोधायचं असेल तर आधी दांडेली शोधा आणि मग उळवीच्या दिशेने हिरव्या रंगात बोट सरकवत न्या. जंगल, मध्ये मध्ये भातशेतीचे तुकडे, पाण्याच्या कडेने अडकीच्या बागा. अडकी म्हणजे सुपारी. आमच्याकडे सगळे अडकीच म्हणतात. घरात कोंकणी, बाजारात कन्नड, आणि मी बेळगावला मावशीकडे राहून शिकले म्हणून माझ्या वाट्याला आधी मराठी आणि मग इंग्रजी. मोबाइलची रेंज असेल तर असते, नाहीतर नसते.

गेल्या वर्षी जानेवारीत पप्पा गेले. हार्ट अटॅक. हॉस्पिटलला पोचायच्या आत, रस्त्यातच. मी हॉस्टेलवर होते. मी घरी पोचले तोवर अंगणात बाकं लागली होती आणि बायका तेर्स म्हणत होत्या. त्यानंतरचे सात दिवस मला सलग आठवत नाहीत. फादर येऊन गेले, पाहुणे आले, चहाची भांडी घासली, संध्याकाळी तेर्स झाली. सातव्या दिवशी मिस्सा झाली. आठव्या दिवशी दुपारी दारात एक टेम्पो येऊन उभा राहिला. आत सात-आठ पोरं, एक जाळं आणि पाण्याचे कॅन.

आमच्या भागात सुगी झाली की रात्रीच्या टूर्नामेंट सुरू होतात. कन्नडमध्ये पोस्टरवर 'होनलु बेळकु' असं लिहितात, म्हणजे प्रकाशझोतातल्या मॅचेस. शेतात मैदान करायचं, बांबूला दिवे बांधायचे, लाउडस्पीकर लावायचा आणि रात्रभर खेळायचं. दादा अशा टीममध्ये 'लिफ्टर' आहे. म्हणजे स्मॅश मारणारा वेगळा, दादाने फक्त बॉल नेटजवळ नीट उचलून द्यायचा. टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला. पण लिफ्टर नसेल तर टीम उभीच राहत नाही. एखाद्या गावाची टीम अडली की दादाला बोलावणं येतं. जिंकलं तर बक्षिसात वाटणी, हरलं तर जेवण आणि गाडीभाडं. हंगामात त्याच्या खिशात जे थोडे पैसे येतात ते इथूनच. प्रोफेशनल म्हणायचं तर एवढाच प्रोफेशनल.

टेम्पोतून कुणी खाली उतरलं नाही. उतरायची त्यांची हिंमत नव्हती. दादा दारात उभा राहिला, मग आत आला, परत दारात गेला. तेव्हा मांय आतून म्हणाली, "वच रे. तुजी वाट पळयतात." जा, तुझी वाट बघतायत.

आणि तो गेला. बूट हातात घेऊन.

मी आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिने ओठ आवळले होते. शेजारच्या बाईंनी तेर्साची माळ उगीच खाली-वर केली. रात्रभर मी जागी होते. पहाटे तीनला दादा आला, हात-पाय धुतले आणि झोपला. ते सेमीफायनलला हरले होते. मला वाटलं, बरं झालं. हे वाक्य लिहायला मला लाज वाटते, पण तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

दहाव्या दिवशी मी कॉलेजला परत आले. परीक्षा होती.

पाच महिन्यांत मी मांयशी फोनवर बोलायचे आणि दादाने फोन घेतला की "मांयला दे" म्हणायचे. त्याला कळत होतं. तो काही बोलला नाही.

मग एक दिवस आमच्या वर्गात कवींच्या घरांबद्दल गप्पा चालल्या होत्या आणि रमेश तेंडुलकरांचं नाव निघालं. आपण साहित्याचे विद्यार्थी, आपण त्यांना क्रिकेटरचे वडील म्हणून ओळखायची गरज नाही. ते कवी होते, कीर्ती कॉलेजमध्ये मराठीचे प्राध्यापक होते, वांद्र्याच्या साहित्य सहवासात राहत होते. संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून त्यांनी धाकट्या मुलाचं नाव ठेवलं. 19 मे 1999 रोजी ते गेले. मुलगा तेव्हा वर्ल्ड कपसाठी इंग्लंडमध्ये होता. तो मुंबईला आला. त्याच दिवशी त्याच्याशिवाय खेळणारा भारत लेस्टरला झिम्बाब्वेकडून अवघ्या तीन धावांनी हरला. आधीची साउथ आफ्रिकेविरुद्धची मॅचही गेलेली. सचिन परत इंग्लंडला गेला आणि 23 मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध चौथ्या नंबरवर उतरून 101 बॉलमध्ये नाबाद 140 धावा केल्या. शतक झाल्यावर त्याने वर आकाशाकडे बघितलं. पुढची सगळी वर्षं तो शतकानंतर वर बघत राहिला.

वर्गात सगळे भारावून गेले होते. मीसुद्धा. आणि अचानक माझ्या लक्षात आलं: चार दिवस. सचिन चौथ्या दिवशी खेळला, तर आपण त्याला महान म्हणतो. दादा आठव्या दिवशी खेळला, तर मी त्याच्याशी बोलत नाही.

त्या रात्री मी हॉस्टेलवर बसून अशा गोष्टी शोधत राहिले. विराट कोहली अठरा वर्षांचा होता, डिसेंबर 2006 मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानावर कर्नाटकविरुद्ध रणजी मॅच चालू होती. आदल्या दिवशी तो नाबाद होता. रात्री वडील गेले. सकाळी तो मैदानावर आला, टीमला फॉलोऑनपासून वाचवायला 90 धावा केल्या आणि मग वडिलांच्या अंत्यविधीला गेला. मोहम्मद सिराजचे वडील हैदराबादला रिक्षा चालवायचे. नोव्हेंबर 2020 मध्ये ते गेले तेव्हा सिराज ऑस्ट्रेलियात क्वारंटाइनमध्ये होता. परत जायची मुभा असूनही तो थांबला. मेलबर्नला पहिली टेस्ट खेळला, सिडनीला राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे डोळे वाहत होते, ब्रिस्बेनला दुसऱ्या डावात पाच विकेट घेतल्या. भारतात उतरल्यावर तो विमानतळावरून थेट वडिलांच्या कबरीवर गेला.

या गोष्टी वाचताना एक गोष्ट मला खुपायला लागली. त्या सगळ्यांचा शेवट चांगला आहे. 140, 90, पाच विकेट. समजा सचिन ब्रिस्टलला शून्यावर आउट झाला असता? तेव्हाही लोक म्हणाले असते का, काय मनाची ताकद? की म्हणाले असते, वडील गेलेत, घरी बसायचं सोडून कशाला आला? दुःखात खेळून जो जिंकतो त्याची आपण गोष्ट करतो. जो सेमीफायनलला हरून पहाटे तीनला घरी येतो त्याला आपण बेफिकीर म्हणतो.

आणि जो थांबतो त्याचं काय? इंग्लंडच्या बेन स्टोक्सचे वडील डिसेंबर 2020 मध्ये गेले. तो आधी खेळत राहिला, पण जुलै 2021 मध्ये त्याने सगळं क्रिकेट बाजूला ठेवलं. परत कधी येणार हेही सांगितलं नाही. महिने गेले, मग तो आला आणि पुढच्या वर्षी टेस्ट टीमचा कॅप्टन झाला. थांबला म्हणून तो कमजोर ठरत नाही आणि सचिन गेला म्हणून त्याचं दुःख कमी ठरत नाही. आठवा दिवस योग्य की ऐंशीवा, हे ठरवणारा अंपायर कुठे असतो?

तरी मला खरा धक्का बसला तो आणखी एका गोष्टीने. सचिन परत गेला कारण आईने, रजनीताईंनी, त्याला जायला लावलं. त्याने हे स्वतः सांगितलेलं आहे. सिराजलाही आईनेच फोनवर सांगितलं की तिथेच थांब, वडिलांचं स्वप्न पूर्ण कर. इतकी वर्षं ती ब्रिस्टलची गोष्ट ऐकताना मी मैदानाकडे बघत होते. साहित्य सहवासातल्या त्या घराकडे कधी बघितलंच नव्हतं. जिचा नवरा नुकताच गेला होता, तिने धाकट्या मुलाला दारातून परत पाठवलं आणि ती मागे राहिली. मुलाकडे बॅट होती, बॉल होता, स्कोअरबोर्ड होता. तिच्याकडे काय होतं?

रजनीताईंनी मुलाला मैदानात बसून खेळताना पहिल्यांदा बघितलं ते नोव्हेंबर 2013 मध्ये, वानखेडेवर, त्याच्या दोनशेव्या आणि शेवटच्या टेस्टला. व्हीलचेअरवरून. त्याला परत पाठवल्यानंतर चौदा वर्षांनी.

मी मे महिन्यात घरी जाऊ शकले नाही. जूनमध्ये पाऊस लागता लागता गेले. दादासाठी नी-कॅप नेली होती. त्याचा उजवा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं, इतकंच मला सुचलं. त्याने ती घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "साइज बरोबर आणलीस."

मग मी विचारलंच. त्या रात्री तुला खेळता कसं आलं?

तो बराच वेळ पागोळ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "सर्व्हिस येते तेव्हा फक्त बॉल दिसतो. पॉइंट संपला की पप्पा. मग परत सर्व्हिस. घरी सर्व्हिसच येत नव्हती गं. सात दिवस नुसते पप्पा." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि मी नसतो तर त्यांना बॉल कोण उचलून देणार होतं?"

मी पुस्तकांत शोधत होते ते उत्तर बहुधा एवढंच होतं. खेळाने दुःख जात नाही. खेळ दुःखाचे छोटे छोटे तुकडे करून देतो. आणि आपल्या जागेवर आपणच लागतो, हे कळण्यात थोडा आधार असतो.

रात्री मांयला विचारलं, "तू त्याला का पाठवलंस? लोक काय काय बोलले."

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लोक त्याला बोलले. त्याच रात्री मी भटांकडे अडकी सोलायला गेले, मला कुणी काही बोललं नाही. दोन दिवसांनी तू परीक्षेला गेलीस, तुला कुणी बोललं?"

मला हे आठवतच नव्हतं. त्या रात्री मी जागी होते, दादाची वाट बघत, रागाने. मांय घरात नव्हती, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

अडकी उतरवली की ओली असतानाच सोलावी लागते, फार दिवस ठेवता येत नाही. जानेवारीत बागायतदारांच्या अंगणात रात्री उशिरापर्यंत बायका रांगेत बसतात. पुढ्यात पाट, पाटाला कोयतीसारखं पातं. एक फळ उचलायचं, दाबायचं, साल काढायची, पेरा टोपलीत. परत एक. जितकी सोलाल तितके पैसे. बायका बोलतात, हसतात, कुणाच्या सासूची नक्कल करतात. जिच्या घरात मरण झालंय तिला मध्ये बसवतात आणि तिला काही विचारत नाहीत.

म्हणजे मांयचंही मैदान होतं. फक्त त्याला दिवे नव्हते आणि लाउडस्पीकर नव्हता.

माझी परीक्षा म्हणजे कर्तव्य, मांयची अडकी म्हणजे पोट, आणि दादाचा खेळ म्हणजे मजा, असा हिशेब मी करून टाकला होता. आम्ही तिघं एकाच गोष्टीकडे परतलो होतो. आपापल्या कामाकडे. त्यातल्या एकाच्या कामात लोक टाळ्या वाजवतात, म्हणून मला ते काम वाटलं नव्हतं.

या जानेवारीत पप्पांच्या वर्षाच्या मिस्सेला मी घरी होते. दोन दिवसांनी दादाची मॅच होती, जवळच. मी मांयला म्हटलं, चल बघायला. ती म्हणाली, "अडकी कोण सोलणार?" मग मीही तिच्याबरोबर अंगणात जाऊन बसले. पहिल्या पाच मिनिटांत अंगठा कापून घेतला. बायका हसल्या, कुणीतरी चिंधी बांधली.

लांबून लाउडस्पीकरवर कॉमेंट्री ऐकू येत होती, अर्धी कन्नड, अर्धी कोंकणी, वाऱ्याबरोबर येणारी-जाणारी. मांय खाली बघून सोलत होती. एक फळ, साल, टोपली. एक फळ, साल, टोपली. मला वाटलं, तिचं तिकडे लक्षच नाही.

तेवढ्यात दादाचं नाव आलं. तिचा हात एक क्षण पात्यावर थांबला. पॉइंट कुणाला गेला ते कळलं नाही, वारा फिरला होता. मग तिने पुढचं फळ उचललं.