उघड्या छपराची जुनी गाडी

कळ दाबताच जिचे छप्पर मागे दुमडून जाते, ती गाडी पाहून तरुण मन हरखते यात नवल नाही. अशी गाडी नवी घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. दहा-बारा वर्षांची जुनी मात्र मूळ किमतीच्या थोड्या हिश्श्यात मिळते. या स्वस्ताईचे कारण साधे आहे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.

पुण्याच्या मार्केट यार्डातील एका धान्याच्या पेढीत सध्या याच विषयाची चर्चा आहे. पेढीतील पुतण्याने दिल्लीत 2012 ची बीएमडब्ल्यू झेड-4 हेरली आहे. बहुतेक रक्कम त्याच्या बचतीची. उरलेली पेढीतून उचल म्हणून हवी. खरीप खरेदीचा हंगाम तोंडावर, रोकड अडकवणे परवडणारे नाही. तरी काकांनी ‘नको’ म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “छप्पर किती वेळा उघडून पाहिलेस?”

“दोनदा, काका. व्हिडिओवर.”

प्रश्न मर्मावरचा होता. 2009 ते 2016 या काळातील झेड-4 चे छप्पर कापडी नसून ॲल्युमिनियमचे, दोन भागांचे आहे. विजेचा पंप तेलाच्या दाबाने ते वीसेक सेकंदांत डिकीत दुमडून ठेवतो. मग डिकीतील 310 लिटरची जागा 180 लिटरवर येते. तेवढे सोसता येते. पंप, तेलाच्या नळ्या, सेन्सर आणि रबरी पट्ट्या मात्र वयाने थकतात. कडक उन्हात वाळलेले रबर पुण्याच्या पहिल्या पावसात आपले वय सांगते. म्हणून इंजिन चालू ठेवून छप्पर लागोपाठ चार-पाच वेळा उघडावे-मिटावे, कुठे अडखळते का ते पाहावे. डिकीतील गालिचा उचलून ओल चाचपावी. पाणी वाहून जाण्याच्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या आहेत का ते बघावे आणि शेवटी गाडीवर पाण्याचा पाइप सोडून काचांच्या कडा तपासाव्यात. विक्रेता याला कचरला तर उत्तर मिळालेच.

‘ऑटोमॅटिक’ हा शब्दही फसवा आहे, कारण सगळे ऑटोमॅटिक गिअर एका जातीचे नसतात. या गाडीच्या तीन लिटर इंजिनाबरोबर सात गतींची दुहेरी क्लचची गिअरपेटी येते. मोकळ्या रस्त्यावर ती सुरेख चालते. स्वारगेटच्या कोंडीत रांगताना मात्र क्लच अर्धवट लागून तापतो. तेव्हा परीक्षा थंड इंजिनापासून सुरू करावी आणि गर्दीत संपवावी. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना धक्का बसतो का, चढावर मागे घेताना गाडी थरथरते का, याकडे लक्ष असावे. गिअरचे तेल बदलल्याची पावती मीटरवरील किलोमीटरपेक्षा अधिक बोलते.

कागदपत्रांत घाई नको. जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला व फॉर्म 35, दिल्लीच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, मालकी बदलाचे फॉर्म 29 व 30, हे सारे हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे त्या वयाजवळची गाडी तेथून स्वस्त निघते. शिवाय 2012 ची नोंदणी 2027 मध्ये संपते आणि आयात गाडीच्या नूतनीकरणाचे शुल्कच 40,000 रुपये आहे. महाराष्ट्रातला रस्ता कर वेगळा. आयात गाडीला तो चढ्या दराने लागतो. विम्यातील नो-क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. गाडी पेढीच्या नावावर घेऊन 15 टक्के घसारा मिळवण्याचा मोह व्यापारी घरात होतोच; पण घरगुती वापराचा हिस्सा त्यातून वगळावा लागतो, आणि दोन आसनांची गाडी तुरीच्या खरेदीला नेली हे कोणाला पटणार?

आसने चामड्याची आहेत हे विक्रेत्याने गुण म्हणून सांगितले. घरात आजींचा पहिला आक्षेप नेमका तोच. ती बदलण्याचा खर्च आता हिशेबात धरला आहे.

काकांनी उचल मंजूर केली, पण दोन अटींवर: रक्कम हंगाम संपल्यावर मिळेल, आणि गाडीच्या किमतीच्या एक पंचमांश रक्कम दुरुस्तीसाठी आधी मुदतठेवीत दिसली पाहिजे. पुतण्या पुढच्या आठवड्यात ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन दिल्लीला निघाला आहे. परतीची तिकिटे दोघांचीही विमानाची काढली आहेत.