विकत घेतलेली नजर

मीडिया बायर, म्हणजे जाहिरातीची जागा विकत घेणारा, किती हुशार, हे आमच्या धंद्यात एकाच गोष्टीवरून ठरत आले आहे: दुसऱ्याला मिळाला त्यापेक्षा किती कमी भाव त्याने मिळवला. सीपीआरपी, म्हणजे एका रेटिंग पॉइंटमागे मोजलेले पैसे, खाली आणला की बायरचे नाव झाले. प्राइम टाइममधल्या दहा सेकंदांचा दर पाडायचा, वर बोनस स्पॉट काढायचे, कमी पडलेले रेटिंग मेक-गुडमधून भरून घ्यायचे, पहिल्या पानावरच्या जागेचा प्रीमियम माफ करून घ्यायचा. या कसबाचा मला अभिमान आहे आणि तो अजून ओसरलेला नाही. चॅनलचा माणूस शेवटी नाइलाजाने हो म्हणतो तेव्हा जे वाटते, त्याला विजयाशिवाय दुसरे नाव नाही. पण हे काम आता झपाट्याने यंत्राकडे चालले आहे. जाहिरात-खरेदी आपोआप करणारी साधने आली: गुगलने २०२१ मध्ये परफॉर्मन्स मॅक्स आणले, पुढच्या वर्षी मेटाने ॲडव्हांटेज प्लस आणले. २०२५ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी उघडच सांगितले की व्यावसायिकाने फक्त उद्दिष्ट सांगावे आणि बँक खाते जोडावे. जाहिरात बनवणे, ती कुणाला दाखवायची ते ठरवणे आणि निकाल मोजणे हे सगळे आम्ही बघू, असे त्यांचे म्हणणे. अशा वेळी या पेशात यावे का, असे तरुण विचारतात. माझे मत असे आहे की भाव पाडणारा बायर जाणार आणि त्याला अडवण्यात अर्थ नाही. मात्र पैसे घालणाऱ्याच्या बाजूने बसून ‘हे घेऊ नका’ म्हणणाऱ्या माणसाची गरज आज पूर्वीपेक्षा जास्त आहे. त्या नकाराचे पैसे कोण देणार, हे मात्र आमच्या धंद्याने कधीच ठरवलेले नाही.

मुळात स्वस्त म्हणजे काय, इथेच घोडे पेंड खाते. टीव्हीचे मोजमाप २०१५ पासून बार्क ही संस्था करते. २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरे साधारण २१ कोटी होती आणि मीटर लावलेली घरे साधारण ४४ हजार. एवढ्या नमुन्यावरून देशाचा अंदाज बांधणे शास्त्राला धरूनच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खरेदी देशाची होत नाही. मराठी मनोरंजन वाहिनी घेताना ‘महाराष्ट्र-गोवा’ हा बाजार घ्यायचा, त्यातून शहरी भाग काढायचा, त्यातून अमुक वयाच्या, अमुक आर्थिक गटातल्या स्त्रिया काढायच्या. समजा, या चाळणीतून शेवटी २०० घरे उरली. त्यांतल्या दोन घरांत मालिका लागली होती तर रेटिंग एक. पुढच्या आठवड्यात त्यांतले एक घर लग्नाला गावी गेले की रेटिंग अर्धे आणि सीपीआरपी दुप्पट. मालिका तीच, बघणारे लाखो लोकही बहुधा तेच, आणि आपण मात्र भाव दुप्पट झाला म्हणून चॅनलला फोन लावतो. सेट-टॉप बॉक्स सुरू करताच जी वाहिनी आपोआप दिसते, त्या लँडिंग पेजची जागा वाहिन्या पैसे देऊन घेतात. तिथे पडलेली नजर प्रेक्षकाने निवडलेली नसते, म्हणून ती आकड्यात शिरावी का, यावर वर्षानुवर्षे वाद होत आले आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर वृत्तवाहिन्यांची रेटिंग बंद झाली ती मार्च २०२२ पर्यंत. त्या सुमारे दीड वर्षात वृत्तवाहिन्यांवरच्या जाहिराती काही बंद पडल्या नाहीत. वर्तमानपत्रांचे तसेच. इंडियन रीडरशिप सर्व्हेचा आकडा २०१९ च्या अखेरीस थांबला, मग करोनाच्या टाळेबंदीत कितीतरी घरांतला अंक बंद झाला, आणि नवा आकडा वर्षानुवर्षे न येताही जागा विकली जात राहिली, घेतली जात राहिली. ज्या आकड्यासाठी आम्ही दोन-दोन टक्क्यांवर हुज्जत घालतो, तो नसतानाही व्यवहार तितक्याच सुरळीत चालतो. यावरून मला असे दिसते की भावाची घासाघीस आम्हाला नेमकी वाटते, पण ती ज्यावर उभी आहे ते मोजमाप तितके नेमके नाही. स्वस्त घेतले हे सिद्ध करता येते. योग्य घेतले हे सिद्ध करणे फार अवघड. म्हणून आम्ही पहिले मोजत बसलो आणि दुसरे मोजल्याचे समाधान मानले.

यंत्राच्या बाजूचा पहिला युक्तिवाद इथूनच सुरू होतो. नमुना नको, प्रत्येक नजर मोजा, असे तो म्हणतो. मोजणी खरोखर बारीक आहे. पण मंडईत काटा विकणाऱ्याचाच असला तरी भाजी निदान डोळ्यांना दिसते. इथे काटाही त्याचा आणि माल फक्त त्याच्याच पडद्यावर दिसणारा. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केले की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा दोन वर्षे फुगवून दाखवला जात होता. तीन सेकंदांच्या आत पुढे सरकलेल्या लोकांना हिशेबातून वगळल्यामुळे तो ६० ते ८० टक्क्यांनी वाढला होता. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण संस्थेकडून प्रोग्रॅमॅटिक, म्हणजे यंत्रामार्फत होणाऱ्या, खरेदीचा माग काढून घेतला. जाहिरातदाराने घातलेल्या पैशांपैकी साधारण निम्मेच प्रकाशकापर्यंत पोहोचले होते आणि १५ टक्के कुठे गेले याचा हिशेबच लागत नव्हता. २०१७ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींवरचा १० कोटी डॉलरहून अधिक खर्च काढून टाकला आणि विक्रीच्या वाढीवर त्याचा परिणाम दिसला नाही. यातली कुठलीही गोष्ट भाव घासून सापडली नाही. कुणीतरी विकणाऱ्याचा आकडा बाजूला ठेवून स्वतः तपासले, किंवा घेणे थांबवून पाहिले, तेव्हाच ती समोर आली.

आमच्यातले बरेच जण आपल्या बचावासाठी दुसरेच कारण देतात: यंत्राला माती कळत नाही. हे कारण मलाही फार आवडते, कारण त्यात आपले मोठेपण आहे. गणपतीला मुंबईतला कोकणी माणूस कुठे असतो, सोलापुरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू घरे किती, गोव्यात घरी कोकणी बोलणारी माणसे सकाळी मराठी दैनिक का वाचतात, हे आम्हाला ठाऊक असते. तरीही प्रामाणिकपणे पाहिले तर हा बचाव टिकत नाही. गणेशोत्सवात फोन दादरहून कणकवलीला गेला हे यंत्राला माझ्याआधी कळते. माणसाने फोनची भाषा इंग्रजी ठेवली तरी तो बघतो काय, यावरून तो मराठी आहे हे हळूहळू यंत्राच्या ध्यानात येते. आज ते चुकत असेल, पण या चुका दुरुस्त होण्याजोग्या आहेत, आणि दुरुस्त होणाऱ्या चुकांवर आयुष्यभराचा पेशा उभा करता येत नाही. यंत्राचे अज्ञान एक ना एक दिवस संपेल. यंत्र कुणाचे आहे, ही गोष्ट मात्र बदलणार नाही. जास्त खर्च झाला तर ज्याचा फायदा, त्यानेच किती खर्च करावा हे ठरवायचे आणि तो फळला की नाही हेही त्यानेच सांगायचे, यात त्याची नियत उत्तम असली तरी रचना वाकडीच राहते.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप असा: निकाल येतो ना? एक रुपया घातला की सहा रुपयांची विक्री झाल्याचे पडद्यावर दिसते, मग रचनेची चर्चा हवी कशाला? याचे उत्तर ईबेच्या प्रयोगात आहे. ईबे हे नाव टाइप करणाऱ्यांना ईबेचीच जाहिरात दाखवायला ही कंपनी पैसे देत होती आणि अहवालात त्या जाहिराती फार फळत होत्या. २०१२ मध्ये त्या बंद करून पाहिल्या, तर जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून तसेच आले. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी हे २०१५ मध्ये इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात मांडले. आपल्याकडे पाडव्याच्या सराफी जाहिराती घ्या. साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर सोने घ्यायचे हे घराने आधीच ठरवलेले असते, दुकानही बहुधा पिढीजात असते. त्या सकाळी दुकानाचे नाव शोधणाऱ्याला जाहिरात दाखवून विक्रीचे श्रेय घेणे यंत्राला सहज जमते, कारण घेणारच असलेला माणूस हुडकण्यात ते पटाईत आहे. जाहिरात नसती तर किती विक्री झाली असती, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर जाहिरात न करताच मिळते. राज्यात ३६ जिल्हे आहेत. काही जिल्ह्यांत ठरावीक काळ जाहिरात बंद ठेवायची आणि बाकीच्यांशी ताडून पाहायचे. ऐकायला सोपे वाटते, पण माझ्या मते या पेशातले उरलेले सगळे कसब इथे आहे. मराठी वाहिनी एका जिल्ह्यापुरती बंद होत नाही, वर्तमानपत्र आवृत्तीपुरते बंद होते, रेडिओ शहरापुरता, डिजिटल पिनकोडपर्यंत. कोल्हापूर बंद आणि सांगली चालू ठेवली तर हिशेब गढूळ होतो, कारण माणसे खरेदीला इकडून तिकडे जातात आणि घाऊक व्यापारी दोन्हीकडे माल पाठवतो. नागपूर आणि पुणे एकमेकांचे जोडीदार म्हणून चालत नाहीत. कुठला जिल्हा कुठल्यासारखा वागतो, हे ठरवताना मातीची जाण कामाला येते, आणि इथे ती निव्वळ अभिमानाची बाब राहत नाही.

आता पैशाकडे यायला हवे. मान्यताप्राप्त एजन्सीला वर्तमानपत्राने बिलावर १५ टक्के कमिशन द्यायचे, अशी जुनी पद्धत होती. म्हणजे घेणाऱ्याच्या माणसाची मिळकत विकणाऱ्याकडून यायची आणि खरेदी वाढली की तीही वाढायची. त्यामुळे जुना काळ सोवळा होता असे मी म्हणणार नाही. पुढे हे प्रमाण घसरत काही टक्क्यांवर आले. एवढ्या मोबदल्यात चांगली माणसे पोसता येत नाहीत, हे क्लायंटलाही कळत होते, तरी पिच मागवताना तो सर्वांत कमी फी आणि सर्वांत कमी सीपीआरपीची हमी मागत राहिला. मग मोठ्या समूहांनी दुसरी वाट धरली: स्वतःच जागा घाऊक घ्यायची आणि क्लायंटला चढ्या भावाने विकायची. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरातदारांच्या संघटनेने केलेल्या चौकशीत हा व्यवहार आणि एजन्सीकडे परत जाणारे रिबेट, दोन्ही समोर आले. मार्च २०२५ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगानेही दर आणि सवलती संगनमताने ठरवल्याच्या संशयावरून मोठ्या मीडिया एजन्सी आणि उद्योगसंघटनांच्या कार्यालयांत झडत्या घेतल्या. आरोप सिद्ध व्हायचे ते होवोत. पण घेणाराच विकणारा झाला की त्याला मीडिया बायर म्हणायला माझी जीभ रेटत नाही, मग त्याचे ऑफिस केवढेही असो. यंत्र विकणाऱ्याचे आहे असे आपण म्हणायचे आणि आपणच विकायला बसायचे, मग क्लायंटने यंत्र का निवडू नये? निदान ते स्वस्त तरी आहे.

छोट्या उद्योजकाच्या बाबतीत मात्र मी यंत्राच्याच बाजूने आहे. इचलकरंजीतला साड्यांचा दुकानदार किंवा रत्नागिरीतला आंबा बागायतदार यांच्यासाठी कुठल्याच एजन्सीने कधी बायर बसवला नव्हता. त्यांना फोनवरून पाच हजार रुपयांत ग्राहक गाठता येतो, हे चांगलेच झाले. माझा मुद्दा वर्षाला कोट्यवधी रुपये घालणाऱ्यांचा आहे. त्यांना दहा लाखांत एक स्वतंत्र तपासनीस परवडतो आणि तो एकाच नकारात आपला खर्च भरून काढू शकतो.

अशा जागा थोड्याच असतील, हे कबूल केले पाहिजे. २०२५ च्या अखेरीस ऑम्निकॉम या जाहिरात समूहाने इंटरपब्लिक हा दुसरा समूह आपल्यात सामावून घेतला आणि चार हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. ग्रुपएमसारखे नावही त्याच वर्षी डब्ल्यूपीपी मीडिया झाले. शेड्यूल बनवणे, रिलीज ऑर्डर काढणे, मॉनिटरिंग रिपोर्ट बिलाशी जुळवणे, व्हाउचर कॉपी तपासणे ही खालची कामे आधी जातील. मला सर्वांत जास्त खुपते ते हेच. ही कामे कंटाळवाणी होती, पण संशय घेणे माणूस तिथेच शिकत असे. बिलात ३० स्पॉट आणि रिपोर्टमध्ये २७ दिसले की तीन कुठे गेले हे विचारायची सवय लागे, आणि पुढे तीच सवय कोट्यवधींच्या डीलवर चाले. ही पायरीच नसेल तर पस्तिशीला पोहोचलेला बायर कुठल्या जोरावर नाही म्हणेल? माझ्या मते नव्या माणसाला पहिली दोन वर्षे खरेदीपासून लांब ठेवावे. त्याला बिलांच्या तपासणीला बसवावे, संख्याशास्त्र नीट शिकवावे, आणि महिन्यातले काही दिवस वितरकांच्या गोदामात पाठवावे, म्हणजे माल हलला का, हे त्याला कुठल्याही डॅशबोर्डशिवाय कळेल.

आणि या पेशात यावे का, असे जो तरुण विचारतो आहे, त्याने मुलाखतीत समोरच्याला उलट दोन गोष्टी विचाराव्यात. तुमची मिळकत क्लायंटच्या बजेटवर वाढते का? आणि बजेट कमी करा असे सांगितल्याबद्दल इथे गेल्या वर्षी कुणाला बढती मिळाली का? समोरचा अडखळला तर खुशाल नोकरी घ्यावी, कारण या प्रश्नाचे तयार उत्तर आज बहुतेक ठिकाणी नाही. पण प्रश्नच त्याला कळला नाही, तर तिथे अजून भावच पाडला जातो आहे, आणि ते काम त्या मुलाच्या पहिल्या बढतीपर्यंतही टिकेल असे मला वाटत नाही.